हजेरीची वही



या पानावर दर आठवड्याला चिकूची नोंद येते. पाणी किती दिलं, गळ किती झाली, सापळ्यात काय सापडलं. गेले तीन आठवडे काहीच टाकलं नाही म्हणून दोघातिघांचे फोन आले, तब्येत बरी आहे ना म्हणून. तब्येत बरी आहे. खरी गोष्ट अशी की मार्चपासून नोंदी माझी मुलगी लिहीत होती, मी फक्त इथे टाकत होतो. ती आता कॉलेजला गेली आणि वही माझ्याकडे आली. तर आज या उन्हाळ्याचीच नोंद करतो. थोडी लांब होईल. चिकूचं शेवटी आहे, पण मधलं सोडून तिकडे उडी मारू नका.

आमची वाडी डहाणू तालुक्यात, बोर्डी-घोलवडच्या पट्ट्यात. चार एकर कालीपत्ती. बहुतेक झाडं वडिलांच्या हातची, एक रांग आजोबांची. बांधाला ताड, खालच्या अंगाला भाताची दोन खाचरं. तोडणीला दोन गडी येतात, ते हंगामापुरते, त्यांचा हिशेब पेटीवर. निवड करायला, धुवायला, पेट्या भरायला चार बायका. चौघी तलासरी तालुक्यातल्या, वर्षानुवर्षं आमच्याकडेच येणाऱ्या. घरात सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांची मजुरी रोजावर, आठ तासांचे ३३० रुपये.

मुलीची बारावी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपली. सायन्स. एप्रिलमध्ये सीईटी होती, तिचा अभ्यास चालू होता, पण अभ्यासाच्या पुस्तकाखाली दुसरं पुस्तक असायचंच. तिला वाचायला काहीही चालतं. औषधाच्या बाटलीला एक घडी केलेला बारीक अक्षरांचा कागद चिकटवलेला असतो ना, जो आपण कुणीच उघडत नाही, तो तिने उघडून पूर्ण वाचला. मग मला म्हणाली, "पप्पा, यात कापूस आहे, वांगी आहेत, भात आहे. चिकू कुठेच नाही. मग आपण हे चिकूवर का मारतो?" मी म्हटलं, दुकानदाराने दिलं. ती म्हणाली, "दुकानदाराने पण हा कागद उघडलेला नाही." आपल्यातल्या किती जणांनी उघडलाय, सांगा बरं. ज्या पिकाचं नाव लेबलवर नाही त्या पिकावर ते औषध मारायचं नसतं, हे मला कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांनी दोनदा सांगितलं होतं. ऐकलं ते पोरीचं.

तिचा उन्हाळ्यातला दिवस सांगतो. पहाटे साडेपाचला माझ्याबरोबर उठायचं. ठिबकचे कॉक फिरवायचे, मग रांगेरांगेने पडलेली फळं गोळा करायची. साडेसातला मावश्या येतात. ती त्यांच्याबरोबर निवडीला बसायची. मोठा, मधला, बारीक. चिकू तयार झालाय की नाही हे ओळखायला तिला आजीने शिकवलं होतं. फळावरचा तपकिरी भुसा हाताने सुटतो. नखाने हलकं खरवडलं तर आत हिरवं दिसत नाही, बटाट्यासारखं पिवळट दिसतं. चीकही कमी येतो. हिरवं दिसलं की ते फळ तोडायची घाई झाली, पिकताना ते सुरकुतणार. गड्यांनी घाई केली की पोरगी नख लावून फळ त्यांच्यासमोर धरायची, बोलायची काही नाही.

दुपारी बारा ते एक जेवण. उन्हाळ्यात डहाणूची दमट दुपार कशी असते तुम्हाला माहीत आहे. अंगाला कपडा चिकटतो आणि पानही हलत नाही. आजोबांच्या रांगेतल्या तिसऱ्या झाडाखाली गोणपाट टाकून ती वाचत पडायची. खूण म्हणून चिकूचं पान. वाचनालयाच्या एका कादंबरीची दोन पानं चिकूच्या चिकाने अशी चिकटली की सुटेनात. तिने आईकडून खोबरेल घेऊन सोडवली, तेलाचा डाग मात्र राहिला. वाचनालयातल्या बाईंनी पुस्तक परत घेताना वास घेऊन पाहिला म्हणे. या चिकापासूनच तिकडे मेक्सिकोच्या बाजूला पूर्वी च्युइंगम बनवायचे, हेही तिनेच मला सांगितलं. पन्नास वर्षं चिकूत गेली माझी, हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी प्रकाश सापळ्याखालचं घमेलं बघायचं, पतंग मोजायचे, वहीत लिहायचं. रात्री परत पुस्तक. लाईट गेली तर मोबाईलच्या उजेडात. तिच्या आईची बोलणी रोजची.

हजेरीची वही तिच्याकडे कशी गेली ते सांगतो. आधी ती नव्हतीच. म्हणजे एक डायरी होती, खताच्या कंपनीने दिलेली, त्यात मी खुणा करायचो. बाकी सगळं डोक्यात. एक एप्रिलला पोरीने शंभर पानी वही आणली आणि म्हणाली, डाव्या पानावर हजेरी लिहिते, उजव्या पानावर गळ. मी म्हटलं, लिही. मला वाटलं पोरीला नाद आहे, चार दिवस लिहील. तिने एक दिवस चुकवला नाही. सीईटीच्या दिवशी आईला लिहायला लावलं.

आता पुस्तकाचं.

एप्रिलच्या शेवटी गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी तिला गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचायला दिलं. नाव मी ऐकून होतो, वाचलं नव्हतं. आपल्या भागाचं पुस्तक आहे ते. १९४५ सालच्या वारली चळवळीचं, डहाणू आणि तलासरीचं, आणि ज्या बाईंनी ती उभी केली त्यांनीच लिहिलेलं. १९७० साली छापलं, १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाई पुण्याच्या, वकिलीपर्यंत शिकलेल्या, आणि पायी फिरल्या ते या पाड्यांवर.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी इथे बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ साली ते कोसबादच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. अनुताईंचं 'कोसबादच्या टेकडीवरून' आमच्या घरात आहे, आजीला कुणीतरी दिलेलं. ते पोरीने आठवीतच वाचलं होतं. म्हणजे बघा, एकाच वर्षी एकीकडे या बायका बिया-खडे-पानं घेऊन पोरांना शिकवायला बसल्या आणि दहा-पंधरा मैलांवर दुसरी बाई त्यांच्या आईबापांना वेठीला नाही म्हणायला शिकवत होती. आपण कोसबादला आंब्याची कलमं आणायला जातो, तलासरीला मजूर बघायला जातो. रस्ता तोच आहे.

पुस्तक सुरू केल्यावर पोरगी दुपारी झाडाखाली जाईना. मावश्यांजवळ जेवायला बसायला लागली. एके दिवशी मी पंप बघून येतोय तर ही मोठ्याने वाचतेय आणि चौघी भाकरी खात ऐकतायत. झरी गावाचं नाव आलं तशी एक मावशी म्हणाली, "झरी? तां माझा माहेर." पोरगी थांबली. मावशी म्हणाली, "वाच, वाच."

मला ते आवडलं नाही, खरं सांगतो. मजुरांपुढे असलं पुस्तक वाचायचं म्हणजे काय? पुस्तकात जमीनदार आहेत, जंगलाचे ठेकेदार आहेत, शेठ-सावकार आहेत. मी चार एकरवाला. पण आम्हालाही त्या शेटच म्हणतात. रात्री मी तिला म्हटलं, "बाय, वाचायचं तर तुझं तू वाच ना." ती म्हणाली, "पप्पा, त्यांच्या गावाचं आहे. आपल्याला त्यांच्याकडून उलट जास्त कळतं." आणि मग तिने जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही. पुस्तकात लग्नगडी म्हणून आहेत. म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. ते कधीच फिटत नसत. पोरीने ते वाचून विचारलं की असं खरंच होतं का. सर्वात म्हाताऱ्या मावशी, त्या फार बोलत नाहीत, म्हणाल्या, "माझा आजा लग्नगडी होता." एवढंच. आणि चटणी मागितली.

या मावशी माझ्या लग्नाच्या आधीपासून वाडीत येतात. मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

५ मे ला बारावीचा निकाल लागला. चांगला लागला. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी, ६ मे ला, संध्याकाळी तो वादळी पाऊस आला. पालघर, ठाणे, मुंबई सगळीकडे झोडपलं, तुम्हाला आठवत असेल. आंबा तर गेलाच अनेकांचा. आमच्याकडे एका रात्रीत फळांचा सडा पडला. आणि नंतर पाऊस थांबलाच नाही म्हणा. दोन दिवस उघडायचं, परत यायचा. ओला माल बाजारात कुणी हात लावून घेईना. दुपारी पाऊस आला की काम बंद, मावश्या पडवीत बसायच्या. अशा दिवशी मी अर्धा रोज धरायचो. आमच्याकडे सगळेच धरतात.

२३ मे चा शुक्रवार होता. सकाळी पोरगी म्हणाली, "पप्पा, आज ऐंशी वर्षं झाली." मला वाटलं आजोबांचं काही आहे. ती म्हणाली, झरीच्या परिषदेला. २३ मे १९४५. पाच हजारांच्या आसपास वारली जमले होते तिथे. वेठ करायची नाही आणि मजुरी रोज बारा आण्यांपेक्षा कमी घ्यायची नाही, असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मेले, त्यात जेठ्या गांगड. गवत कापण्याचा दर पाचशे पौंडाला अडीच रुपये मिळावा म्हणून संप होता. पोरीने हे सगळं सांगितलं आणि वही पुढे ठेवली.

"पप्पा, रागावू नका. मी नुसती बेरीज केलीय."

तिने केलं असं होतं. एक एप्रिलपासून तेवीस मे पर्यंत टेम्पो उशिरा आला ते दिवस चौदा. त्या दिवशी मावश्या साडेचारला न जाता सहापर्यंत थांबून पेट्या भरत होत्या. दीड तास. चौदा दिवसांचे एकवीस तास. आठ तासांना ३३० धरले तर एकीचे ८६६ रुपये होतात. एक मावशी त्यातले दोन दिवस नव्हती, तिचे अठरा तास, ७४३ रुपये. एकूण ३,३४१. आणि खाली लिहिलं होतं : पावसाने अर्धा रोज कापला, दिवस चार.

मी म्हटलं, "त्या दिवशी चहा-भजी दिलीत की आईने." ती म्हणाली, "दिलीत. पण अर्धा दिवस कापताना आपल्याकडे घड्याळ असतं, दीड तास जास्त घेताना नसतं."

मला राग आला. खोटं कशाला सांगू. मी तिला बोललो, की खताचं बिल तू भरतेस का, पेटीचा पुठ्ठा किती महाग झालाय तुला माहीत आहे का, या पावसाने आपलं किती गेलं ते पण त्या पानावर लिही. ती म्हणाली, "लिहिलंय, उजव्या पानावर आहे." आणि खरंच होतं. किती पेट्या परत आल्या, किती फळ खड्ड्यात पुरलं, सगळं तारीखवार. पोरीने माझंही नुकसान तेवढ्याच नीट लिहिलं होतं. मग माझ्याजवळ बोलायला काही राहिलं नाही.

दिवसभर त्याच विचारात. तोडणाऱ्या गड्यांशी आपलं कधी वाजत नाही, कारण पेट्या मोजता येतात. बायकांचा वेळ कुणी मोजतच नाही, म्हणून तो फुकट वाटतो. माझे वडील काही वाईट माणूस नव्हते, मीही नाही. रोजगार हमीचा दर २०२५ च्या एप्रिलपासून ३१२ झाला, मी ३३० देतो, म्हणजे आपण बरेच म्हणायचे, असा माझा हिशेब. पण साडेतीन तासांचे पैसे कापायला मी विसरलो नाही आणि दीड तासाचे द्यायला चौदा वेळा विसरलो. चौदा वेळा विसरतो ते विसरणं नसतं.

२०१६ साली आपल्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून. आपण किती खूश झालो. पेटीवर नाव घोलवडचं आणि पेटी भरणारे हात तलासरीचे. हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

शनिवारी पगार. मी चौघींना बसवलं आणि सांगितलं की टेम्पोच्या दिवसांचे राहिले होते, ते हे. मला वाटलं होतं त्या नको म्हणतील, किंवा खूश होतील. तसं काही झालं नाही. झरीच्या मावशींनी नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या आणि विचारलं, "नि पावसाचां?"

पोरगी खाली बघत होती. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

मग तिथेच बसून ठरवलं. पाऊस बारा वाजल्यानंतर आला तर पूर्ण रोज. बाराच्या आत आला तर पडवीतलं काम काढायचं, पेट्या जोडणं, जाळ्या शिवणं, आणि तेही करायला नसेल तरच अर्धा. साडेचारनंतर थांबलं तर तासाचे पैसे. मागचे चार अर्धे दिवस होते त्यातले तीन बारानंतरचे निघाले. वहीत वेळ लिहिलेली होती, त्यामुळे वाद झाला नाही. तेही दिले. या मेमध्ये, जेव्हा माल परत येत होता, तेव्हा ते पैसे द्यायला जड गेलं. हे यासाठी लिहितो की "चांगलं वागा, बरकत येईल" असलं मी काही सांगत नाही. बरकत आलेली नाही. बाजार होता तसाच आहे. पण पडवीत आता एक घड्याळ आहे, चारशे रुपयांचं, आणि टेम्पोवाल्याला मी पहिल्यांदाच ठणकावून सांगितलं की चारच्या आत ये, उशीर केलास तर मला पैसे पडतात. तो यायला लागला. इतकी वर्षं तो उशिरा येत होता कारण त्याच्या उशिराचे पैसे कुणीच मोजत नव्हतं.

२६ मे ला मान्सून मुंबईत पोहोचला. एरवीची तारीख ११ जून. आमचा राब भाजून झाला होता म्हणून बरं, ज्यांचा राहिला त्यांची धांदल उडाली. चिकूचा उरलेला हंगाम तिथेच संपला. पोरगी पडवीत बसून वाचायची आणि मावश्यांबरोबर पेट्या जोडायची. पुस्तक संपलं तेव्हा शेवटची पानं वाचायला झरीच्या मावशींनी आपल्या सुनेला आणलं होतं. सून दहावी झालेली. शेवटची दोन पानं तिनेच वाचली.

आता कॉलेजचं. माझी इच्छा होती तिने दापोलीला कृषीची पदवी करावी. कोकण कृषी विद्यापीठ, आपल्या मातीचं. सीईटीचे गुण बरे होते, लागला असता नंबर कुठेतरी. जूनमध्ये एक दिवस ती म्हणाली, "पप्पा, मी बी.ए. करते. अर्थशास्त्र आणि मराठी." मी म्हटलं, सायन्स करून? ती म्हणाली, "गळ मोजायला मला येतं, तुम्ही शिकवलंत. पण मजुरी किती असावी, बाजारात आपल्या पेटीचे पैसे कुठे जातात, हे मला कळत नाही. तुम्हालाही कळत नाही." यावर काय बोलणार? तिची आई म्हणाली, करू दे. माझी आजी असती तर तीही हेच म्हणाली असती.

मला अजून थोडं खटकतं. वाडी पुढे कोण बघणार हा प्रश्न तसाच आहे. पण मी तिला थांबवलं नाही. पहाटेच्या गाडीला डहाणू रोड स्टेशनवर सोडून आलो. पिशवीत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. गुरुजींचं पुस्तक परत करायला माझ्याकडे दिलं. मी अजून दिलेलं नाही, वाचतोय. अर्ध्यावर आलोय. चिकूचं पान आहे आत, तिचंच.

आता उजव्या पानावरचं, कबूल केल्याप्रमाणे.

एक. तिने गळलेली फळं नुसती मोजली नाहीत, कापून बी बघितलं. आजोबांच्या रांगेत झाडं एकमेकांत घुसलीत, खाली ऊन येत नाही. तिथल्या ५० फळांत १७ मध्ये बी पोखरलेलं निघालं. दक्षिणेच्या मोकळ्या रांगेत ५० मध्ये ६. एका वाडीची, एका हंगामाची मोजणी आहे, यावरून नियम करू नका. पण दाट वाडीत बी पोखरणारी अळी जास्त राहते हे कृषी विज्ञान केंद्राचे लोक सांगतातच. या अळीची खोड अशी की ती लहान फळात शिरते, शिरलेलं भोक भरून येतं, बाहेरून फळ धडधाकट दिसतं. आत ती बी खात बसते आणि फळ तयार व्हायच्या वेळी भोक पाडून बाहेर पडते. आपल्याला कळतं तेव्हा ती गेलेली असते. म्हणून गळलेलं, किडकं फळ झाडाखाली ठेवायचं नाही. रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरायचं. पाऊस संपला की आजोबांच्या रांगेत विरळणी करणार आहे. आजोबांच्या झाडाला हात लावायला जीव होत नव्हता, आता आकडा समोर आहे.

दोन. पावसाळी फळगळीसाठी एक टक्का बोर्डो पाऊस जोर धरण्याआधी मारायचा असतो. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका, आणि त्याच दिवशी संपवा. यंदा पाऊस लवकर आल्याने आमची फवारणी अर्धीच झाली. उघडीप मिळाली तेव्हा राहिलेली उरकली. पुढच्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यातच करणार, तारीख वहीत लिहून ठेवलीय.

तीन. औषधाच्या बाटलीवरचा कागद उघडा. त्यात आपलं पीक आहे का बघा. नसेल तर आणण्याआधी विचारा, मारल्यावर नाही.

चार. हजेरीची वही करा. दोन पानांची. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, पाऊस कधी आला, टेम्पो कधी आला. घरात वाचणारं पोर असेल तर त्याच्याकडे द्या. मात्र ते पोर बेरीज करणार आणि ती बेरीज तुम्हाला ऐकावी लागणार, एवढी तयारी ठेवा.

आमची वही आता पडवीत खिळ्याला टांगलेली आहे. डावं पान झरीच्या मावशींची सून लिहिते, ती आता कामाला यायला लागली. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. काल टेम्पो चार वाजून दहा मिनिटांनी आला. तिने दहा मिनिटं लिहिली.